सहाव्या बोटाचा तेल्हारा दौरा

माझ्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत. करंगळीच्या शेजारी आणखी एक, नखासकट, अगदी रीतसर. हजारभर बाळांत एखाद-दुसरं असं जन्माला येतं आणि पुष्कळदा ते घराण्यातून येतं, असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडे कोणाच्या घराण्यातून आलं, हा वाद आई-बाबांनी चाळीस वर्षं जिवंत ठेवला. बोटाला त्याचं काही नाही. ते आपलं चपलेच्या पट्ट्याखालून बाहेर डोकावून जग बघत असतं.

यंदा त्याने तेल्हारा बघितलं. निमित्त मित्राच्या धाकट्या भावाचं साक्षगंध. अकोल्याहून एसटीने गेलो. उत्तरेला सातपुडा दिसतो आणि पायथ्याशी वान धरण आहे. धरण छान आहे. स्थलदर्शन संपलं.

कारण आदल्याच रात्री पाऊस पडला होता आणि सकाळी मित्र म्हणाला, "चाल, तुले वावर दाखवतो." वऱ्हाडातली काळी माती पुस्तकात कापसाची म्हणून नावाजलेली असते; ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं. धुऱ्यावरून चार पावलं गेलो, उजवा पाय उचलला, तर पायात नुसता पट्टा. चप्पल खाली गेली होती. मित्राने कोपरापर्यंत हात घालून ती काढली, तेव्हा तिचं वजन दोन किलो तरी भरलं असतं. डावीनेही लगेच सहानुभूतीने अंगठा सोडला.

संध्याकाळी साक्षगंध, आणि मी अनवाणी बाजारात. दुकानदाराने आधी पाय धुवायला पाणी दिलं. धुतल्यावर त्याने बोटं मोजली. मग परत मोजली. मग आतल्या पोऱ्याला हाक मारली, "इकडं ये बे, पाय!" पोऱ्याने शेजारच्या दुकानातून दोघांना आणलं. पाच मिनिटांत माझा पाय स्टुलावर आणि भोवती पोट्टे.

"काऊन हो काका, दुखते का?"

"हृतिकले बी हाय ना, हाताले!"

"काका, गिनीजमंधी नाव देऊन टाका."

यावर मला थोडं बोलावं लागलं. गिनीजची रांग लांब आहे बाबांनो. आपल्या नागपूरची ज्योती आमगे 62.8 सेंटीमीटर, हयात असलेल्यांत जगातली सर्वांत बुटकी स्त्री. 2011 मध्ये अठराव्या वाढदिवशी विक्रम नोंदवला आणि पुढे अमेरिकेतल्या मालिकेत काम करून आली. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत, ती 2018 मध्ये कापली तेव्हा पाच नखं मिळून नऊ मीटरच्या वर भरली. तिथे माझं हे पाऊण इंचाचं बोट काय तोंड दाखवणार? "पायच दाखवन ना," एक जण म्हणाला. गर्दी खूश.

एका आजीबाईंनी मात्र गर्दी सारून बोटाला हात लावून नमस्कार केला आणि बजावलं, "कापू नोको बाप्पा, लक्ष्मी हाय." लक्ष्मी त्या क्षणी खिशातून दुकानदाराकडे निघाली होती, पण माप जमेना. पट्टा बोटावर बसे, नाहीतर बोट पट्ट्यावर. मग मात्र मला चीड आली. स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. तिने 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं, तेही नेहमीच्या बुटांत बोटं दाबून, कळा सोसत. तिच्या मापाचे बूट करायचं लोकांना सुचलं ते पदकानंतर. आम्ही पदक कुठून आणायचं?

दुकानदार काही न बोलता मला समोरच्या झाडाखालच्या मोच्याकडे घेऊन गेला. त्या म्हाताऱ्याने ना मोजलं, ना विचारलं. पाय मांडीवर घेतला, पट्ट्यावर पेन्सिलीने खूण केली, रापीने एक खिडकी कापली आणि तिच्या कडेने बारीक टाके घालत बसला.

असे टाके मी पाहिले होते. शाळेच्या कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. बाबांनी दाढीच्या ब्लेडने बुटाला कडेला भोक पाडलं आणि उसवू नये म्हणून आईने त्याला शर्टाच्या काजासारखा काज केला. तेवढ्या वेळात दोघं घराण्यावरून भांडली नाहीत. मुलं हसली तेव्हा, बुटाला गुंडी लावायची जागा आहे, असं मी सांगितलं होतं. तेव्हापासून हसणाऱ्यांच्या आधी हसायची सवय लागली.

"किती झाले बाबा?"

"पट्ट्याचे वीस. खिडकीचे काय घेऊ?"

साक्षगंधात नवरदेवापेक्षा माझ्या पायाचे फोटो जास्त निघाले. नवरीच्या मामांनी तर जेवणाच्या पंगतीत जागा बदलून घेतली, पाय नीट दिसावा म्हणून. पाटोडीचा रस्सा इतका तिखट होता की मला कशाचंच वाईट वाटायला उसंत मिळाली नाही.

तेल्हाऱ्याला जरूर जा. पहिल्या पावसानंतर वावरात शिरायचं असेल तर चपला आधीच हातात घ्या. बोटं पाच असली तरी.