काकू ठरवतील

प्रोजेक्टच्या तासाला लॅबमध्ये चौघं पत्ते खेळत होती आणि त्यांची गाइड, म्हणजे मी, शेजारी उभी राहून "सगळ्यांनी एकदम उलटा, शेजाऱ्याचा बघू नका" असं बजावत होते. नेमके तेव्हाच आमचे एचओडी आत आले. टेबलावर दुर्री, पंजी, पंजी आणि राजा.

"हे काय चाललंय?"

"सर, एस्टिमेशन."

सरांनी राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पैसे लावून?"

"नाही सर, पॉइंट्स."

सॉफ्टवेअर बनवण्याच्या ॲजाइल पद्धतीत याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली ते मांडलं आणि माइक कोन यांनी जगभर पसरवलं. एखादं काम किती मोठं आहे याचा अंदाज प्रत्येकानं पालथ्या पत्त्यात लपवायचा, सगळ्यांनी एकदम उघडायचा, आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठा आकडा टाकणाऱ्यांनी आपापली बाजू मांडायची. म्हणजे वर्गातला हुशार मुलगा आधी बोलला म्हणून बाकीचे माना डोलावतात, ते टळतं. याचा खास संच विकत मिळतो. आमच्या डिपार्टमेंटला मात्र पत्त्यांसाठी परचेस ऑर्डर काढण्याची हिंमत नव्हती, म्हणून एकानं हॉस्टेलच्या खोलीतला कॅट आणला. त्यातली बदाम सत्ती हरवलेली होती. बदाम सात खेळायला तो कॅट निकामी, पण एक, दोन, तीन, पाच, आठ या फिबोनाचीच्या ओळीत सात येतच नाही, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. राजाचा अर्थ आम्ही ठरवला होता : काम इतकं मोठं आहे की आधी त्याचे तुकडे करा.

त्या दिवशी राजा पडला तो खाड्यावर.

सांगते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला खरा ग्राहक हवा, असा माझा हट्ट असतो. नाहीतर मुलं 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करतात, जी त्यांच्या आधीच्या बॅचनं केलेली असते आणि कॉलेजची लायब्ररी कधीच वापरत नाही. या ग्रुपनं पुण्यातल्या कर्वेनगरात ते जेवायचे त्या मेसच्या काकूंना गाठलं. कोण जेवणार, कोण नाही, महिन्याचं बिल किती, एवढं सांगणारं ॲप. स्क्रम या ॲजाइल पद्धतीच्या भाषेत काकू झाल्या प्रॉडक्ट ओनर. त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ओनर तर मी आहेच."

पहिली यूजर स्टोरी मुलांनी अगदी पुस्तकी साच्यात लिहिली : 'मेसचा मेंबर म्हणून मला खाडा टाकता यावा, म्हणजे तेवढे पैसे वजा होतील.' तिघांच्या मते सोपं काम. राजा टाकला होता तो नगरच्या अबोल मुलीनं. नियमाप्रमाणे तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "काकूंना विचारलंत का खाडा कधी धरतात ते?"

विचारलं. सलग तीन दिवस नसेल तर धरतात. आदल्या रात्री सांगितलं असेल तरच. आजारी पडला तर आयत्या वेळीही धरतात, पण मग त्याला मऊ भात पाठवतात, म्हणजे धरत नाहीत. रविवारची फीस्ट खाऊन सोमवारपासून खाडा टाकणाऱ्याचा धरत नाहीत. यवतमाळच्या एका मुलाच्या घरी त्या वर्षी पीक गेलं, त्याचा न सांगताही धरतात, आणि हे कुणाला सांगायचं नाही.

टॉपरनं, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, याचा फ्लोचार्ट काढायला घेतला. तो फळ्यावरून भिंतीवर उतरायला लागला तेव्हा मी थांबवलं.

ही ॲजाइल मंडळी मुळात अशाच फ्लोचार्टांना कंटाळली होती. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, केन श्वाबर, जेफ सदरलंड वगैरे. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाची मतं ठाम. तरी त्यांनी चार मूल्यांवर एकमत करून जाहीरनामा काढला आणि पुढे बारा तत्त्वं लिहिली. आमच्या सोसायटीचे सतरा सभासद महाबळेश्वरला नेले तर नाश्त्याला काय यावरही ठराव होणार नाही, म्हणून मला त्या जाहीरनाम्याबद्दल मनापासून आदर आहे. सतरांत बाई मात्र एकही नव्हती. असती तर तेरावं तत्त्व 'ओटा आवरून मगच झोपणे' हे असतं, आणि टेक्निकल डेट, म्हणजे घाईत टाळलेल्या आवराआवरीचं कर्ज, या विषयावरचं निम्मं वाङ्मय वाचलं असतं.

आता गंमत अशी की ही पद्धत शिकायची तरी प्रोजेक्टचं कॅलेंडर जुनंच. जुलैत सिनॉप्सिस, त्यात सगळ्या गरजा आधीच नमूद. मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि शेवटी सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग. एकाखाली एक पायऱ्यांची ही प्रसिद्ध आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातली म्हणून दाखवतात. पण त्यांनी त्याच निबंधात, असं एका दमात केलं तर धोका आहे, अपयश ओढवेल, असंही लिहून ठेवलंय. लोकांनी आकृती घेतली आणि मजकूर सोडला. आमची मुलंही जर्नल असंच उतरवतात.

स्क्रममधला रोजचा स्टँडअप, म्हणजे उभ्यानं घ्यायची बैठक, पंधरा मिनिटांचा. उभं राहायचं, कारण माणूस उभा असला की आटोपतं घेतो. हा सिद्धान्त ज्यानं काढला तो कधी पुण्यातल्या घरातून निघालेला दिसत नाही. आमच्याकडे बसून झालेल्या गप्पा अर्धा तास, आणि "चला, निघते" म्हटल्यानंतर दारात उभ्यानं झालेल्या एक तास. मुलांचा स्टँडअप पहिल्या आठवड्यात जिन्यापासून पार्किंगपर्यंत चालायचा. त्यात माहिती मात्र एकच : "होतंय." डेटाबेस? होतंय. लॉगिन? होतंय. बिल? "झालंय मॅडम, फक्त थोडं राहिलंय." 'झालं' म्हणजे काय ते भिंतीवर लिहून लावल्यावर त्यातलं बरंचसं झालं नसल्याचं निघालं. स्टँडअपची रोजची नोंद ठेवा म्हटलं होतं, ती त्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहून काढली, दर पानाला वेगळ्या शाईचं पेन वापरून. टीमवर्क म्हणाल तर वर्षभरातलं सर्वोत्तम.

बर्नडाउन चार्ट नावाचा एक आलेख असतो. उरलेलं काम दिवसागणिक उतरत जावं अशी त्याची अपेक्षा. आमचा आलेख स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, संपायच्या आदल्या दिवसापर्यंत सपाट असायचा आणि मग एकदम कोकणकडा. त्यावर उपाय म्हणून एचओडी सरांनी सुचवलं की प्रत्येक स्प्रिंटला जितके पॉइंट्स होतील त्याप्रमाणे मार्क द्यावेत. दुसऱ्याच दिवशी चलनवाढ झाली. काल दुर्रीचं असलेलं 'पासवर्ड विसरलात?' आज अठ्ठीला गेलं. वेग दुप्पट, काम तेवढंच. मी सरांना आलेख दाखवला, ते खूश झाले. मग पॉइंट्स कसे वाढले ते दाखवलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

पेअर प्रोग्रॅमिंग मात्र शिकवावं लागलं नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्या केंट बेकनं दोघांना एका संगणकावर बसवण्याची शिफारस केली. आमच्या लॅबनं ती चालू संगणकांच्या संख्येमुळे फार आधीपासून अमलात आणली आहे, तिसरा माणूस माउस धरायला.

खरा पेच पडला रेट्रोस्पेक्टिव्हला. स्प्रिंट संपल्यावर टीमनं बसायचं, काय जमलं, काय बिघडलं ते बोलायचं. एरवी मेसच्या आमटीवर अर्धा तास बोलणारी ही मुलं एकमेकांसमोर बसल्यावर साखरपुड्याला आल्यासारखी गोड झाली. सगळं छान. सगळ्यांनी सहकार्य केलं. म्हणून मी चिठ्ठ्या वाटल्या, नाव नको म्हटलं. तीन चिठ्ठ्यांवर 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' हे निरुपद्रवी वाक्य. चौथीवर : 'मी लिहिलेला कोड रात्री कोणीतरी पुसून पुन्हा लिहितं.'

अक्षर कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीतरी म्हणजे कोण हेही. टॉपरचे कान लाल झाले. "तो चालत नव्हता," तो म्हणाला. "चालत होता," अबोल मुलगी म्हणाली, "तुला कळत नव्हता." त्या बैठकीत तोवर मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मग कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट उघडलं. तिथे 'फायनल', 'रिअल फायनल', 'आता तरी फायनल' अशा कमिटांच्या रांगेत रात्री दोनची त्याची करामत दिसली. पुसलेल्या कोडमध्ये खाड्याचे सगळे नियम तिनं एका ओळीत सोडवले होते. काकूंच्या स्क्रीनवर एक बटण : 'धरायचा', 'नाही धरायचा'. फंक्शनचं नाव 'काकू ठरवतील'. टॉपरनं त्या जागी चारशे ओळी लिहिल्या होत्या, आणि यवतमाळचा मुलगा त्यात बसत नव्हता.

बटण परत आलं. काकूंनी ॲप वापरायला घेतलं, वही बंद केली आणि दर आठवड्याला नवी मागणी सुरू केली. बदलत्या गरजांचं उशिरापर्यंत स्वागत करावं असं बारा तत्त्वांतलं दुसरं तत्त्व सांगतं. स्वागत झालं, पण वेळ संपत आलेला. म्हणून काही गोष्टी बॅकलॉगच्या, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी गेल्या. 'पाहुण्यांचं ताट' त्यातलीच एक, दर स्प्रिंटला पुढे ढकललेली.

व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. त्यांनी काळं बाइंडिंग उघडलं, ॲजाइलची चार मूल्यं विचारली. टॉपरनं ती धडाधड म्हटली. चालणारं सॉफ्टवेअर हे जाडजूड दस्तऐवजांपेक्षा मोलाचं, हे मूल्य त्यांनी जाडजूड दस्तऐवजात बोट घालून पडताळून घेतलं. लॅपटॉपवर ॲप सुरू होतं, तिकडे कोणी बघितलं नाही.

जेवण काकूंकडून, असं एचओडी सरांनी परस्पर ठरवलं होतं. विद्यार्थ्यांचंच ॲप, पाहुण्यांवर छाप पडेल. त्यांनी ते स्वतः फोनवर घेतलं, मेंबर झाले, 'आज दुपारी जेवणार' दाबलं आणि खालच्या 'शेरा' या चौकटीत लिहिलं : तीन जण. शेरा डेटाबेसमध्ये व्यवस्थित जतन झाला होता. काकूंच्या स्क्रीनवर तो दाखवायचं काम बॅकलॉगमध्ये, पाहुण्यांच्या ताटाच्या लगेच खाली होतं.

दीड वाजता डबा आला. मेंबर एक, डबा एक. एक्स्टर्नल, सर आणि मी. चार चपात्या, मटकीची उसळ, भात आणि मुठीएवढी कोशिंबीर.

"पाहुण्यांची सोय नाही का यात?" एक्स्टर्नलनी विचारलं.

"आहे सर," अबोल मुलगी म्हणाली, "पुढच्या स्प्रिंटमध्ये."

एक्स्टर्नलनी सरांचा फोन मागून घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ॲप उघडून नीट तपासायला सुरुवात केली.