नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मराठी माणसाला नक्षी शाबूत असलेला टायर टाकायला सांगणं म्हणजे धडधाकट माणसाच्या तेराव्याला पान वाढणं. आतले धागे डोकावेपर्यंत टायर वापरायचा आणि मग रिमोल्ड करून पुन्हा वापरायचा, असे आमच्या घरचे संस्कार. आणि आता इथे टेक्सासात माझ्या दारात ट्रॅव्हल ट्रेलर उभा आहे. पिकअपमागे ओढायचं घरच ते. पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. वर्षातले बहुतेक दिवस तो उन्हात नुसता उभा असतो. त्यामुळे त्याचे टायर झिजून मरत नाहीत, वयानं मरतात.

हे पुण्याहून आलेल्या अण्णांना पटवायचं होतं. त्यांनी खाचेत नख घालून पाहिलं. "अरे, अजून दहा वर्षं जातील!"

मी त्यांना टायरच्या कुशीवरचा डॉट क्रमांक दाखवला. शेवटचे चार आकडे 3217, म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा.

"ऑगस्ट," अण्णा चष्मा सावरत म्हणाले. "श्रावणातला आहे."

श्रावणातला असो की आषाढातला, ट्रेलरचा टायर पाच-सहा वर्षांत बदलावा हे बरं. उन्हानं त्याच्या कुशीला बारीक चिरा पडतात आणि एके दिवशी हायवेवर वरची साल सुटते. ती नुसती सुटत नाही, फटके मारत खालचा पत्रा आणि नळ्याही फाडते. त्यात अण्णांचा सल्ला, "उन्हाळा आहे, हवा जरा कमी ठेव." हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि लवकर फुटतो. म्हणून सकाळी, गार असतानाच, पूर्ण हवा भरायची. हे मी तीनदा सांगितलं. अण्णांनी तीनदा मान डोलावली, पटल्यासारखी नव्हे.

नव्या टायरवर एसटी ही अक्षरं हवीत. लाल डब्याशी संबंध नाही, स्पेशल ट्रेलर. मोटारीच्या टायरची कूस मऊ असते, त्यावर ट्रेलर झुलतो. मग भार. आमच्या 15 इंची मापात डी श्रेणीचा टायर 65 पीएसआयला 2540 पौंड पेलतो, ई श्रेणीचा 80 पीएसआयला 2830. मी ई घेतला, कारण ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला तेव्हा सौभाग्यवतींच्या कुकरांचं आणि डाळ-तांदळाच्या डब्यांचं खरं वजन कळलं. (हा आकडा घरात उच्चारायचा नाही असं ठरलंय.) मात्र 80 ची हवा रिमला झेपते का ते पाहावं लागतं, आणि व्हॉल्व्हही रबरी नको, धातूचा हवा. वेगाचं अक्षरही वाचायचं. पश्चिम टेक्सासात आय-10 वर ताशी 80 मैलांची मुभा आहे, पण जुन्या एसटी टायरची मजल बहुधा 65 पर्यंतच. एल लिहिलं असेल तर 75.

दुकानात बिल आलं, त्यात जुने टायर टाकण्याचे वेगळे पैसे.

"म्हणजे माल आपला आणि पैसेही आपणच द्यायचे?" अण्णांचा आवाज चढला. "आपल्याकडे भंगारवाला उलट देतो! निदान चांगल्यातला एक स्टेपनीला ठेव."

दुकानातल्या पोऱ्यानं मागच्या स्टेपनीचं कव्हर काढून आकडे दाखवले. तीही त्याच आठवड्यातली. रस्त्याला एकदाही न लागलेली, पण तेवढीच म्हातारी. बिल पाच टायरांचं झालं, टाकण्याचे पैसेही पाचांचे.

"त्याला विचार," अण्णा मला म्हणाले, "झाडाला झोपाळा बांधायला एक घरी नेला, तर तेवढे वजा करशील का म्हणावं."