अनुदान बांधायला, तुंबल्यावर कोण?

एप्रिल 2018मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि सरकारदरबारी संडासाचा विषय संपला. बारा हजारांचं अनुदान खात्यावर आलं, लाभार्थ्याला दारासमोर उभं करून फोटो निघाला, फोटोला अक्षांश-रेखांश चिकटले, पहाटे शिट्ट्या फुंकत फिरणारी गुडमॉर्निंग पथकं पुन्हा सकाळी उशिरापर्यंत झोपू लागली. एवढ्या कागदांत एक रकाना मात्र राहून गेला: बांधलेला संडास तुंबला तर काय करायचं? संडास बांधला जातो, त्याचा अहवाल वर जातो, त्याला पुरस्कार मिळतो. तो तुंबत मात्र नाही, अशी शासनाची श्रद्धा आहे. तुंबलेल्या संडासाची फीत कापता येत नाही, हे या श्रद्धेचं मूळ असावं. त्यामुळे नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेले पाहुणे लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात एखाद्या घरी उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यातलं पाणी खाली जाण्याऐवजी वर येऊ लागलं, की त्या घरावर जी आपत्ती कोसळते तिची नोंद कुठल्याही आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात सापडणार नाही.

आता घरातला कर्ता पुरुष काय करतो ते पाहू. हा माणूस साधासुधा नाही. बोअरची मोटार तो स्वतः वर काढतो, ट्रॅक्टरच्या पोटात शिरतो. म्हैस अडली तर कोपरापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढतो आणि हात धुऊन चहा पितो. शेणात त्याचा जन्म गेलेला असतो. म्हणजे घाणीची त्याला शिसारी आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते पुराव्याला धरून नाही. तरी संडास तुंबला की हाच गडी दोन पावलं मागं सरकतो, दार ओढून घेतो आणि म्हणतो, “बोलवा की कुणाला तरी.” हे ‘कुणीतरी’ कोण, ते सांगावं लागत नाही. त्याचं आडनाव सगळ्या गावाला पाठ असतं. मोटारीला मिस्तरी जातीवरून ठरत नाही, संडासाला ठरतो. आणि हे ठरवायला ग्रामसभाही घ्यावी लागत नाही.

ही रेणापूरची खासियत आहे असं समजून कुणी रागावू नये. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या दोन अभ्यासकांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत पाहणी केली आणि 2017 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: लोक सरकारी मापाचा छोटा शोषखड्डा नाकारतात आणि स्वतः बांधायचा झाला तर कित्येक पट मोठा खड्डा खणतात. कारण एकच, तो आपल्या हयातीत भरू नये. भरला तर उपसणार कोण? आपल्याकडेही ‘दहा-पंधरा वर्षं बघायचं काम नाही’ ही खड्ड्याची सर्वात मोठी तारीफ असते. वास्तविक दोन खड्ड्यांच्या संडासाची रचना या भीतीवरच तोड म्हणून निघाली. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. हे पटवून देण्यासाठी फेब्रुवारी 2017मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरले आणि खत बाहेर काढलं. त्याच वर्षी अक्षय कुमारनेही मध्य प्रदेशात एक खड्डा रिकामा केला, मग त्याचा संडासावरचा सिनेमा आला. दोघांचंही कौतुक. पण वाळलेलं खत हातात घेऊन फोटो काढणं आणि तुंबलेल्या ओल्या भांड्यासमोर बाह्या सरसावणं यांत जे अंतर आहे, ते ओलांडणारा सचिव अजून नेमला गेलेला नाही. नट तर दूरच.

खरं तर या कामात शास्त्र असं फार नाही. भांड्याखाली वाकडा पाईप असतो, त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं म्हणून वास वर येत नाही. त्या वळणावरच बहुतेक वेळा अडतं. अडवणारे कोण? सॅनिटरी पॅड, डायपर, शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते आणि गुटख्याची पुडी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे ही शेवटची पुडी भांड्यात कुठून येते हा प्रश्न अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा. यावर इलाज म्हणजे लाकडी दांड्याचा रबरी पंप. हार्डवेअरच्या दुकानात तो शे-दोनशे रुपयांत मिळतो. रबर बुडेल एवढं पाणी भांड्यात हवं, तोंडावर तो घट्ट बसवायचा, पहिला दाब हळू द्यायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, मग दाबत आणि झटक्यानं ओढत राहायचं. लोक नुसतं दाबतात, त्यानं कोंडलेला ऐवज आणखी घट्ट बसतो. सुटतो तो ओढण्यानं. अॅसिडची बाटली रिकामी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की प्लॅस्टिकची पुडी त्यानं विरघळत नाही, आणि आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो, तो मात्र नाकात लगेच शिरतो.

यावर मराठवाड्यातला पहिला आक्षेप पाण्याचा असतो, आणि तो खोटा नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्या दहा वॅगनींत पाच लाख लिटर पाणी होतं. दहा लिटरच्या जुन्या फ्लश टाकीच्या हिशोबानं ते पन्नास हजार वेळा साखळी ओढण्याइतकं. 2011च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती 3 लाख 82 हजार. म्हणजे देशभर गाजलेल्या त्या गाडीनं साडेसात माणसांत एकाची एकवेळची सोय झाली असती, आणि प्यायला थेंब उरला नसता. अशा मुलखात दहा लिटरचा कमोड बसवणं हे प्रतिष्ठेचं लक्षण मानलं जातं. उलट खेड्यासाठी आखलेलं तीव्र उताराचं भांडं दीड-दोन लिटरांत साफ होतं, पण ते ‘सरकारी’ म्हणून बदनाम. आता हिशोब पुढं न्या. भांडं तुंबलं की पंप नसलेल्या घरात बादल्यांवर बादल्या ओतल्या जातात आणि पाणी उंबऱ्याबाहेर येईपर्यंत हा प्रयोग चालतो. त्यामुळे पाणी नाही म्हणून पंपाला हात लावत नाही, हा युक्तिवाद उलटा आहे. पाणी नाही म्हणूनच पंप हवा.

दुसरा आक्षेप मोठा मानभावी असतो: “आपण केलं तर त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय नाही का येणार?” दलितांच्या रोजगाराची एवढी काळजी गावाला पाणवठ्यावर, मंदिरात किंवा भाड्यानं खोली देताना वाटली असती तर इतिहास वेगळा झाला असता. हातानं मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाचा कायदा 2013चा आहे. पोट भरायचं दुसरं साधन त्यांना मिळावं असं तो म्हणतो. आमची घाण त्यांची मिरास आहे असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. सेनापती बापटांनी पारनेरात झाडू घेऊन रस्ते आणि संडास साफ केले, अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यासाठी आयुष्य घातलं. पैकी एकाच्या नावाचे रस्ते झाले. रस्त्याला नाव दिलं की माणसाचं अनुकरण करायची जबाबदारी संपते, ही सोय आपण फार पूर्वी शोधून काढली.

तिसरी तक्रार स्त्रिया करत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. ‘कुणीतरी’ दुपारपर्यंत आला नाही की पदर खोचून त्या काम उरकतात आणि संध्याकाळी कर्ता पुरुष पारावर सांगतो, “निघालं आपोआप.” आपोआप निघणाऱ्या गोष्टींची आपल्या घरांतली यादी तशी लांब आहे.

एक आक्षेप मात्र शंभर टक्के मान्य. सगळंच घरच्या माणसानं करू नये. रेणापुरासारख्या गावात घराघराचा भार शोषखड्ड्यावर नाही तर ‘सेफ्टी टाकी’वर असतो. पंप मारूनही भांडं मोकळं होत नसेल, मोरीतूनही गुडगुड ऐकू येत असेल, तर अडचण टाकीत आहे आणि तिथं थट्टा संपते. मे 2023मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊच्या तांड्यावर शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. टाकीत हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन साठतो, आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला 30 लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023मध्ये सांगितलं. तरी आजही टाकी भरली की आधी माणूस शोधतात, गाडी नंतर, कारण माणूस स्वस्त पडतो.

तेव्हा रेणापूरकरांनी पंप विकत घ्यावा, ‘तुंबणमुक्त गाव’ योजनेत पालकमंत्र्यांच्या हस्ते तो वाटला जाण्याची वाट पाहू नये. भांडं घरच्या पुरुषानं मोकळं करावं. टाकीचं झाकण मात्र कुणालाही उघडायला लावू नये. दर दोन-तीन वर्षांनी नगरपंचायतीकडे मैला उपसायच्या गाडीची मागणी करावी, आणि गाडी नाही म्हणाले तर ती का नाही, हे घरपट्टी भरतानाच विचारावं.