उभ्या गाडीचा आवाज

मुंबईत गाडी घेणाऱ्याला लोक विचारतात, ॲव्हरेज किती देते? खरं तर विचारायला हवं, उभी कशी राहते? लालबागचा उड्डाणपूल २०११ साली झाला, पण तो वरून जाणाऱ्यांचा. लालबागलाच मामाकडे जायचं असेल तर पुलाखालचा रस्ता आला, भारतमातेचा सिग्नल आला, आणि गणपतीचे दिवस असले तर मग गाडी फक्त न्यूट्रलमध्ये वापरायची वस्तू होते. अशात माझी गाडी पळताना गप्प आणि उभी असताना खुळखुळ, असं वागू लागली. म्हणजे दिवसातला बराच वेळ खुळखुळच.

पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगितलं. त्याचा विषय इथेच संपवतो.

आमच्या गिरगावात बोनेट उघडायला गॅरेज लागत नाही. वाडीत गाडी चालू ठेवून बोनेट वर केलं की माणसं आपोआप जमतात. पहिले नाना आले. नानांनी उभी हयात फियाट टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्याने १९७४ साली तिचं नाव पद्मिनी ठेवलं, टॅक्सीवाल्यांनी ते शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून नानांच्या कानांना काम नाही. त्यामुळे माझ्या गाडीकडे ते जरा भुकेल्या नजरेने बघत होते.

‘टॅपेट,’ नाना म्हणाले.

नानांचं निदान नेहमी टॅपेटच असतं, पण त्यामागचा विचार भक्कम आहे. ‘वाजणाऱ्या टॅपेटला घाबरू नये रे, गप्प झालेल्याला घाबरावं.’ टॅपेटमधली गॅप वाढली की तो टिकटिक करतो, बाकी फारसं काही होत नाही. गॅप संपली की आवाज बंद, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. टॅक्सी गॅसवर आल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतू लागले, इंजिनं शांत झाली, ड्रायव्हर खूश झाले आणि पुढे हेड उतरवायचे पैसे मोजत बसले. नाना फीलर गेज आणायला घरी गेले.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून तबल्याचे मास्तर खाली आले. ते क्लासच्या मुलांना ठेका देत होते आणि माझं इंजिन मध्ये मध्ये वेगळंच काही घालत होतं. इथे जरा थांबून सांगायला हवं, की ऑपेरा हाऊसला १९२५ साली बी. आर. देवधरांनी गायनशाळा काढली, कुमार गंधर्व तिथेच शिकले. आणि त्याच ऑपेरा हाऊसला गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं लागून लागून आहेत. तयार कान आणि सैल नट यांची गाठ आमच्या भागात पडायचीच होती.

मास्तरांनी डोळे मिटले. ‘उभी असताना इंजिन किती फेरे घेतं?’

‘मिनिटाला आठशेच्या आसपास.’

‘आणि टॅपेट?’

‘दोन फेऱ्यांत एकदा,’ नाना जिन्यातूनच ओरडले.

‘म्हणजे एक टॅपेट मिनिटाला चारशे ठोके देणार. सेकंदाला साडेसहा-सात, आणि सगळे मोजूनमापून. हा आवाज मधेच येतो, मधेच जातो. समेचा पत्ता नाही. नाना, हा इंजिनाच्या आतला नव्हे. बाहेरचं कोणीतरी लुडबुडतंय.’

नाना दुखावले. फॅनबेल्टवर पाणी शिंपडून झालं. बेल्ट किंचाळत असता तर तेवढ्यापुरता थांबला असता. क्लच दाबून बघितला. गिअरबॉक्सचं बेअरिंग घरघरत असतं तर गप्प झालं असतं. खुळखुळ मात्र चालूच. जमलेल्यांपैकी एकाने गाडी विकायचा सल्ला दिला. असा एक असतोच.

शेवटी मामा आले. मामा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. साच्यांच्या धडधडाटात तिथली माणसं हातवाऱ्यांनी बोलत, आणि मामांना हल्ली त्याचाच उपयोग होतो, कारण ऐकू जवळजवळ काहीच येत नाही. आवाज शोधायला त्यांना कोणी बोलावलं, असं मास्तरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मामांनी कोणाला काही विचारलं नाही. बोनेटच्या कडेवर तळवा ठेवला, मग रेडिएटरच्या पट्टीवर. मग कोणाची तरी मच्छरदाणीची काठी मागवून घेतली आणि तिच्या टोकाने एकेक भाग दाबत गेले. एक्झॉस्टवर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो, त्याच्यावर काठी टेकली आणि वाडीत एकदम शांतता झाली.

‘थांबला का रे?’ मामांनी विचारलं. ‘मला काही कळत नाही, पण हाताला थरथर थांबली.’

पत्र्याचा एक बोल्ट गंजून गेला होता. कमी फेऱ्यांवर इंजिनाची थरथर नेमकी पत्र्याच्या थरथरीशी जुळायची. रेस दिली की जुळणी मोडायची. ऑपेरा हाऊसहून पाइपाला लावतात तसली क्लिप आणून आवळली. मास्तर ‘मी म्हटलंच होतं, बाहेरचा’ असं म्हणत वर गेले आणि मामांनी चहात साखर कमी असल्याचं खुणेने सांगितलं.

नानांनी फीलर गेज आणलीच होती, ती परत घरी न्यायला त्यांचं मन होईना. सध्या ते शेजारच्या गाडीचं बोनेट उघडून उभे आहेत. तिचा मालक कोकणात गेलाय, पण चावी घरातल्यांनी दिली.