आपली चकरी अखंड फिरत राहो

प्रति,
परमआदरणीय पोर्टल-शिल्पकार महोदय,
मुक्काम मुंबई, दिल्ली किंवा जिथं वीज जात नाही असं कोणतंही ठिकाण

सा. न. वि. वि.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही. निविदेत एक नाव असतं, पोर्टलच्या तळाशी दुसरं, आणि तक्रार घेऊन गेलं की तिसरंच सांगितलं जातं. म्हणून हे पत्र उघडंच पाठवतो आहे. ज्यांना ते आपल्यासाठी आहे असं वाटेल, त्यांनी संकोच न करता ठेवून घ्यावं.

सर्वप्रथम आभार. जुलैत आमच्या जालना जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीची कोळपणी चाललेली असते, माणसाला दम घ्यायला सवड नसते. नेमक्या त्याच महिन्यात आपण त्याला पीकविम्याच्या निमित्तानं भोकरदन, मंठा, परतूर, जे जवळ असेल तिथल्या सेवा केंद्राच्या ओट्यावर दिवसभर टेकवून ठेवता. शेतकऱ्याच्या विश्रांतीची इतकी काळजी एरवी कोण करतं? बाहेरून कुणीतरी विचारतं, "काय म्हणायलीय साइट?" आतलं पोरगं पडद्यावरची नजर न काढता सांगतं, "चकरी फिरायलीय, काका." काका पुन्हा भिंतीला पाठ लावतात.

आपल्या वक्तशीरपणाचंही कौतुक करायला हवं. २०१७ साली विम्याची मुदत ३१ जुलैला संपणार होती, ती ५ ऑगस्टवर गेली. २०२३ साली ३१ जुलैची ३ ऑगस्ट झाली. २०२४ साली १५ जुलैची ३१ जुलै झाली. दरम्यान आमच्या हातातले मोबाइल बदलले, टॉवर बदलले, सरकारं बदलली. यंत्राची क्षमता वाढवण्यापेक्षा तारीख वाढवणं स्वस्त पडतं, हा आपला सिद्धान्त मात्र अढळ राहिला.

आपण म्हणाल, गर्दी फार होते हो. अगदी खरं. एक रुपयात विमा मिळाला त्या २०२३ च्या खरिपात राज्यातून सुमारे एक कोटी सत्तर लाख अर्ज आले. आकडा ऐकून माझीही छाती दडपली होती. मग पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. एक महिना आणि रोजचे फक्त बारा तास धरले, तर सेकंदाला तेरा अर्ज. अखेरची झुंबड म्हणून दहापट करू, एकशेतीस. एका अर्जासाठी सर्व्हरचं दार वीसदा वाजवावं लागतं असं मानलं, तरी सेकंदाला अडीच हजारांच्या थोडं वर.

आता शेजारी बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे रात्र-पहाट सगळी धरून सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास. ओट्यावरचे तेच काका कंटाळून टपरीवर जातात, त्याच मोबाइलवरून, त्याच टॉवरच्या रेंजवर चहाचे दहा रुपये देतात, आणि टपरीवरच्या पेटीतली बाई लगेच मोठ्यानं ओरडून सांगते की पैसे पोचले. त्यामुळे 'ग्रामीण भागात रेंज नाही' हे कारण आपल्याला आता शोभत नाही. आपल्या प्रतिभेला साजेसं दुसरं शोधावं, ही विनंती.

सरकारी कामाला हे जमणारच नाही, असंही नाही. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन उघडलं. पहिली काही मिनिटं तेही कोलमडलं, पण दिवस संपेपर्यंत एक कोटी तीस लाखांवर नोंदण्या झाल्या होत्या. अशा उदाहरणांनी आपलं मन दुखावत असेल, त्याबद्दल क्षमस्व.

महोदय, आपण एकदा जालन्याचा मोंढा बघावा. हंगामात भल्या पहाटे सोयाबीनची वाहनं लागतात. माल आडतीवर उतरतो, नोंद होते, शेतकरी मोकळा होतो आणि बियाण्याच्या दुकानात एक चक्कर मारून येतो. लिलाव आपल्या क्रमानं पुढं सरकतो, मापाडी आणि हमाल आपापल्या वेगानं काम उरकतात. कुणीही शेतकऱ्याला म्हणत नाही की पोतं डोक्यावर धरून उभा रहा, व्यापारी मोकळा झाला की बघू; आणि दहा मिनिटांत बोली लागली नाही तर पोतं घेऊन गावी जा, उद्या पुन्हा पहिल्यापासून ये. आपल्या पोर्टलवर या पद्धतीला 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणतात.

अर्ज घ्यावा, पोच द्यावी, अर्जदाराला घरी पाठवावं आणि पडताळण्या मागाहून सावकाश कराव्यात. यंत्राच्या पोटात रांग लावायची सोय आपल्या धंद्यात फार जुनी आहे. आपण मात्र ती रांग तिथून काढून रस्त्यावर मांडलीत. सर्व्हरची मेमरी विकत घ्यावी लागते, ओटा केंद्रचालकाचा असतो आणि ऊन फुकट. काटकसर म्हणावी तर अशी.

एका क्लिकसरशी आधार, जमिनीची नोंद, बँक आणि पैसे भरण्याची खिडकी अशा चार दारांपुढं अर्जदाराला एका दमात उभं करण्याची आपली हौसही थोर आहे. प्रत्येक दार शंभरात पंच्याण्णव वेळा उघडं असतं असं धरू. चारही एकाच वेळी उघडी सापडण्याची शक्यता एक्याऐंशीवर येते. शंभरातले एकोणीस परत जातात, आणि चौघांपैकी प्रत्येकजण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, "आमच्याकडून सगळं सुरळीत चालू आहे." जबाबदारीची इतकी सुरेख वाटणी भाऊबंदांतसुद्धा होत नाही.

आमच्या जिल्ह्यात तालुके आठ आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. नववा होईल तेव्हा पेपरात येईलच. तरीही एका पोर्टलवर 'जिल्हा: जालना' निवडलं की ते दर वेळी मूळ डेटाबेसला विचारायला जातं, आणि तालुक्यांची यादी येईपर्यंत चकरी फिरते. मग गावांच्या यादीसाठी पुन्हा. एकदा आणलेली यादी जवळ ठेवण्याला कॅशिंग म्हणतात, असं ऐकून आहे. पण ते केलं तर आमच्या तालुक्यांची रोज एवढ्या आस्थेनं चौकशी कोण करणार?

त्याच पोर्टलच्या पहिल्या पानावर मान्यवरांची हसरी छायाचित्रं एकामागून एक सरकतात. एकेक छायाचित्र काही एमबींचं. खाली लाल अक्षरांत सूचना: अर्जदाराचा फोटो ५० केबीच्या आत असावा. लोकशाहीत कुणी किती जागा व्यापावी, हे इतक्या नेमकेपणानं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे कापण्याच्या बाबतीत आपली तत्परता वादातीत आहे. खात्यातून रक्कम जाते, मोबाइलवर संदेश येतो, आणि पोर्टल म्हणतं, 'पेमेंट पेंडिंग'. पुन्हा भरावं तर दोनदा कापले जातील, न भरावं तर अर्ज बाद. एका अर्जाला एकच क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवे पैसे न घेता जुनी पावती पुढं करायची, ही युक्ती पैशांच्या व्यवहारांत सर्रास वापरली जाते. ती आपल्यापर्यंत पोचली नसेल. कदाचित पेंडिंग असेल.

साइट अडली की केंद्रातलं पोरगं रिफ्रेश मारतं. राज्यभरातली हजारो पोरं मारतात. पहिल्या विनंतीचं उत्तर तयार होतंय तोवर तीच विनंती नव्यानं येऊन आदळते. जुनं उत्तर घ्यायला कुणी उरलेलं नसतं, तरी सर्व्हर बिचारा ते पुरं करत बसतो. कामाच्या ओझ्यापेक्षा 'झालं का, झालं का' या विचारण्यानंच तो जास्त मरतो. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कोलमडलं, त्यामागंही हेच निघालं: जुन्या व्यवहारांचं काय झालं, अशी बँकांकडून होणारी विचारणांची सरबत्ती. मग १ ऑगस्टपासून नियम आला. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची, दोन विचारण्यांत किमान ९० सेकंद जाऊ द्यायचे. खात्यातली शिल्लक एका ॲपवरून दिवसाला पन्नासदाच बघायची. कारण शोधणं, ते सांगणं आणि त्यावर नियम लावणं असला उतावळेपणा आपल्या घराण्यात नाही. आपण 'तांत्रिक अडचणीमुळे' हे दोनच शब्द वर्षानुवर्षं वापरत आला आहात. इतकं टिकाऊ आपण दुसरं काहीच बांधलेलं नाही.

आपल्या कल्पनेतलं कुटुंबही मला फार आवडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाडा पुरात असताना, लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा, त्यावर ओटीपीही हवा. ज्यांचे दोघंही वारले आहेत त्या बायकांनी काय करावं, हे त्या चौकटीत सुचलेलं नव्हतं. १८ नोव्हेंबरची मुदत पुढं ३१ डिसेंबरवर गेली आणि अशा बायकांनी कागदपत्रं अंगणवाडी ताईंकडं द्यावीत, असं ठरलं. ज्या खेड्यात विधवा नाही असं एखादं खेडं आपल्या नकाशावर असेल, तर पत्ता कळवावा. बघायला येऊ.

आपली पोर्टलं मंद असतात, हा अपप्रचारही मला मान्य नाही. आमच्याच अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतलं अतिवृष्टी अनुदानाचं प्रकरण २०२५ साली गाजलं. बोगस नावांवर, जमीन नसलेल्यांच्या नावांवर कोट्यवधी रुपये उचलले गेल्याचं चौकशीत पुढं आलं, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरले गेल्याचं सांगितलं गेलं. ओटीपी आला नाही, साइट अडकली, अशी ते पैसे उचलणाऱ्यांपैकी कुणाची तक्रार माझ्या तरी वाचनात आलेली नाही. एवढ्या नोंदी आत जाताना यंत्राला एकदाही थांबून विचारावंसं वाटलं नाही की कोण आहात, कुठून आलात. आणि एखाद्या म्हातारीच्या नावापुढचं 'बाई' आधारवर असून सातबाऱ्यावर नसलं, की हेच यंत्र ताठ उभं राहतं. माणूस ओळखण्याची नजर म्हणतात ती हीच.

निराश मात्र होऊ नका, जगात आपण एकटे नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. पहिल्या दिवशी किती जणांची विमानोंदणी पुरी झाली? सहा. महिना संपायच्या आत त्यांच्या आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी काँग्रेसच्या समितीपुढं माफी मागितली आणि दोष माझा, असं सांगितलं. दुरुस्तीला बाहेरून जाणती माणसं बोलावली, आणि दोनेक महिन्यांत गाडी रुळावर आली. मंत्र्यांना स्वतः माफी मागावी लागते, किती मागासलेला देश! आपल्याकडं ते काम केंद्रातलं पोरगं करतं, रोज, ओट्यावरच्या प्रत्येकापुढं हात जोडून.

एक लहानशी याचना आहे. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी खोटे अर्जदार सोडून यंत्र किती भार पेलतं ते बघता येतं. त्याला लोड टेस्टिंग म्हणतात आणि त्याची साधनं फुकट मिळतात. आपण ही चाचणी घेतच नाही असं नाही. घेता. फक्त खऱ्या माणसांवर, खऱ्या तारखेला.

म्हणून हे आग्रहाचं निमंत्रण. गहू-हरभऱ्याच्या विम्याची मुदत १५ डिसेंबरला असते. त्या दिवशी आपण जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर यावं, एक अर्ज स्वतःच्या हातानं भरावा. चहा आमच्याकडून. सकाळी सहाला आलात तर ओट्यावर सावलीची जागा मिळेल. येताना सातबारा, आठ अ, बँकेचं पासबुक, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. आपला अंगठा मशीनवर उठतो का, तेवढं मात्र घरूनच बघून निघा.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
ओट्यावरचा एक अर्जदार