दहावीचं गणित पुन्हा द्यावं का? एक सिद्धता

दहावीची गुणपत्रिका दाखवताना गणिताच्या ओळीवर ज्यांचा अंगठा आपोआप जातो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. 'करिअरसाठी गणित पुन्हा द्यावं का?' हा प्रश्न निकालाच्या सुमारास उद्भवतो, दिवाळीत नातेवाईक जमले की बळावतो आणि फेब्रुवारी उजाडला की पुढच्या वर्षावर जातो. त्याचं उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. भूमितीच्या वहीत प्रमेय लिहितात तसं, समास आखून, पायरीपायरीने द्यावं. पायरीला गुण असतात.

पक्ष

आधी गुणपत्रिका शोधा. ती कपाटातल्या फायलीत, रेशनकार्ड आणि मिक्सरच्या वॉरंटी कार्डाच्या मधे असते. ती समोर ठेवून आपण खालीलपैकी कोण, ते लिहा.

(अ) गणितात नापास. तुमच्यापुरता प्रश्न 'द्यावं का' असा नसून 'कधी' असा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये राहिलं तर जून-जुलैत पूरक परीक्षा असते. एक-दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. गणितही सोबत येऊन बसतं, पण त्याची हजेरी लागत नाही.

(आ) काठावर पास, निकाल ताजा. राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत तुम्हाला लगतच्या तीन संधी आहेत. पण पेपर तपासनिसानेच घोळ घातला असं घरात सर्वानुमते ठरलं असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकन त्यानंतर. छायाप्रत पाहिल्यावर बरेचदा घरातली चर्चा अचानक थांबते.

(इ) काठावर पास, निकाल लागून बरीच वर्षं झाली. हा गट सर्वांत चिंतनशील. 'पुन्हा बसू का?' यावर तो वर्षानुवर्षं विचार करतो. दरम्यान लगतच्या तिन्ही संधी येऊन गेलेल्या असतात, म्हणजे निर्णय मंडळाने परस्पर घेऊन टाकलेला असतो. विचार मात्र पुढे चालू ठेवता येतो. त्याला परीक्षा शुल्क नाही.

आणखी एक नोंद. राज्य मंडळात 2010 पासून 'बेस्ट ऑफ फाईव्ह' आहे. सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण, त्यांचीच टक्केवारी धरतात. तुमचा सर्वांत कच्चा विषय गणित असेल, तर ज्या टक्केवारीवर त्याने पाणी फिरवलं असं तुम्ही सांगत आलात, त्या टक्केवारीत तो धरलेलाच नाही. हे घरी लगेच सांगू नये. दोष द्यायला घरात दुसरं कोणी शिल्लक राहत नाही.

साध्य

आता मूळ मुद्दा: तुमचं गणित मागतंय कोण? मागणारे तीन प्रकारचे असतात.

पहिला, गुणपत्रिका पाहणारा. टपाल खात्यातली ग्रामीण डाक सेवकाची भरती घ्या. तिथे दहावीला गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असणं सक्तीचं आहे. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते आणि टक्केवारी दशांशाच्या चार स्थळांपर्यंत काढतात. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात. अशा दारात 'माझं व्यवहारज्ञान चांगलं आहे' हे वाक्य चालत नाही. इथे जायचं असेल आणि संधी शिल्लक असेल, तर मुकाट्याने परीक्षेला बसा.

दुसरा, स्वतःचं गणित घालणारा. पोलीस शिपाई भरतीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतं आणि एकूण किमान 40 टक्के मिळवावे लागतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सीसॅटचा पेपर फक्त पात्रतेपुरता, 33 टक्क्यांचा. पण त्यातल्या अंकगणिताचा स्तर दहावीचाच. म्हणजे दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेतून पदवी घ्यावी, उपजिल्हाधिकारी होण्यासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहावं, आणि तिथे काळ-काम-वेग दारात उभे. इथे तुमचे जुने गुण कोणी विचारत नाही. त्यामुळे दहावी पुन्हा देण्यात वर्ष घालवू नका, गणित शिका. दहावी देणं आणि गणित शिकणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तिसरा, काका. यांना तुमचं गणित कशासाठी हवंय ते स्पष्ट नसतं. त्यांच्या हाती भरती नाही, जाहिरात नाही. आहे ती फक्त 'आमचा बंड्या शंभरपैकी शंभर' एवढी माहिती. काकांसाठी परीक्षा देऊ नये. शंभर मिळवलेत तरी ते विज्ञानाचे विचारतील.

रचना

पुन्हा बसायचं ठरलं तर साहित्य जमवा. बालभारतीचे गणित भाग 1 आणि भाग 2, एकवीस अपेक्षित, कंपासपेटी. कंपासपेटीत कर्कटक असल्याची खात्री करा. मागच्या वेळी त्याने बाकावर नाव कोरलं होतं. भाग 1 चे 40, भाग 2 चे 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20, असे 100 गुण. जुन्या आठवणींवर विसंबू नका. आता भाग 1 मध्ये अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स येतात. दुकान चालवणाऱ्यांनी या प्रकरणात स्वतःचा अनुभव लिहू नये. पुस्तकातला व्यापारी कर वेळेवर भरतो.

क्लासला जाणार असाल तर वर्गात पंधरा वर्षांची मुलं असतील. 'आमच्या वेळी' अशी सुरुवात टाळा. शंका त्यांनाच विचारा, सरांना नको. मुलं सोपं करून सांगतात आणि घरी फोन करत नाहीत.

सिद्धता

तरीही निर्णय होत नसेल तर वर्गसमीकरणाचा आधार घ्या. समजा, a = बसण्याचा आग्रह करणारे नातेवाईक, b = तुमच्याकडे दहावीच्या गणिताचे गुण मागणाऱ्या जाहिराती, c = निकाल लागून झालेली वर्षं. आता b² − 4ac काढा. उदाहरणार्थ, नातेवाईक 5, जाहिराती 2, वर्षं 8 : 4 − 160 = −156. उत्तर ऋण आलं, म्हणजे मुळं वास्तव नाहीत, प्रश्न सोडून द्या. जाहिरातींचा वर्ग होतो, नातेवाइकांचा होत नाही. या सूत्राचं हेच मोठेपण. हे उदाहरण तुम्ही कागदावर करून पाहिलं असेल आणि बरोबर आलं असेल, तर तुमची तयारी समजता तेवढी वाईट नाही.

या टप्प्यावर कोणीतरी 'रामानुजनसुद्धा नापास झाला होता' असं म्हणून धीर देईल. तो स्वीकारू नका. रामानुजन गणितात नव्हे, बाकीच्या विषयांत नापास झाले होते. पदवी हुकली, आणि 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकून म्हणून लागले. हे उदाहरण तुमच्या बाजूने नाही. ते इतिहास-भूगोलाच्या बाजूने आहे.

ताळा

शेवटी ताळा करून पाहा. ज्या नोकरीसाठी परीक्षा देताय तिची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली का? त्यात दहावीच्या गणिताचा उल्लेख आहे का? असेल आणि मंडळाचं दार उघडं असेल, तर पुन्हा बसा. त्यात लाज नाही. नसेल तर तोच वेळ त्या नोकरीच्या परीक्षेला द्या. जाहिरातच नसेल, तर हा प्रश्न करिअरचा नसून दिवाळीचा आहे.

आणि बसायचं ठरलंच असेल तर फॉर्म आजच भरा. नियमित शुल्काची मुदत संपली की विलंब शुल्क लागतं, आणि ते किती जास्त पडलं हे काढायला वजाबाकी येत असली तरी पुरते.