पगडी, जाळे आणि चिकू

1885 साली फर्ग्युसन महाविद्यालय आणि 1949 साली स्वतःचे विद्यापीठ लाभलेल्या पुण्यनगरीने मुठेच्या काठी डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान या मेट्रोच्या दोन स्थानकांना मावळी पगडीच्या आकाराचे छप्पर चढविले, यात नगरीचे चातुर्यच दिसते. कारण विद्वानांची पगडी चढवावयाची ठरती, तर ती कोणत्या विद्वानाची, या वादात रूळसुद्धा पडले नसते.

या शिरोभूषणयुक्त स्थापत्याची मेहेरनजर आता आमच्या पालघर जिल्ह्यावरही झाली आहे. बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाचा दर्शनी भाग मच्छीमारांच्या जाळ्यावरून योजिला असून, ताशी 320 किलोमीटर वेगाची ती गाडी डहाणू-तलासरीच्या शेतांतून खांबांवर धावत जाईल आणि बोईसर सोडल्यावर थांबेल ती एकदम वापीस. इकडे वाढवणला बंदर झाल्यावर आपली खरी जाळी कोठे टाकावीत, या मच्छीमारांच्या सवालाचे समाधान होण्यापूर्वीच 30 ऑगस्ट 2024 रोजी त्या बंदराचे भूमिपूजन यथासांग पार पडले. तथापि जाळ्याची स्मृती बोईसरला कायमस्वरूपी जतन होणार असल्याने, तक्रारीस जागा उरलेली नाही.

तेव्हा आमचीही सरकारदरबारी एक नम्र अर्जी आहे. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलेच आहे. सबब डहाणूस एक चिकूच्या आकाराची कचेरी मंजूर व्हावी, म्हणजे गराचा भाग अंमलदारांकडे राहून बियांप्रमाणे अर्जदारांस अलगद बाहेर टाकणे सोयीचे होईल. तलासरीस मात्र वारली झोपडीचाच नमुना शोभेल: कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने रेखिलेला लग्नाचा चौक, आणि हे सर्व अर्थातच सिमेंटात, निविदा मागवून. ज्या कलेसाठी डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांस 2011 साली पद्मश्री मिळाली, तिला एवढी भिंत देण्यास खजिन्याची हरकत नसावी. दर्शनी बाजूस तारपा वाजविणारा वारली आणि त्याच्याभोवती फेर धरलेली मंडळी पाहून पाहुणे धन्य होतील. आत खिडकीपुढे वनहक्काचा दावा घेऊन तोच वारली तिष्ठत उभा असेल. फरक इतकाच की, भिंतीवरच्या वारल्यास कोणी जमिनीचा पुरावा मागणार नाही.